तळ्याकाठचा शिवयोगी : श्री सिद्धरामेश्वर



मकरसंक्रांत जवळ आली की आपल्या सीमाभागातून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहू लागतात. विजयपूर, कलबुर्गी, बिदर, बेळगाव, लातूर, धाराशिव, कुठून कुठून माणसे गड्ड्याच्या यात्रेला येतात. सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा होम हे सारे तुमच्यापैकी अनेकांनी डोळे भरून पाहिले असेल. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, या कथेची ती दरवर्षीची आठवण आहे. पण वाचकहो, एक गोष्ट कधी मनात आली आहे का? ज्यांनी तळे खोदले, देवळे बांधली, अन्नदान केले, त्या पुरुषाला आपण कर्मयोगी म्हणतो. आणि तरीही त्यांच्या नावामागे शिवयोगी हे बिरूद लागते. हात कामात गुंतलेला माणूस शिवयोगी कसा झाला? त्यांचे चरित्र आज याच प्रश्नासाठी वाचायचे आहे.

कारण हा प्रश्न तुमचा-आमचाही आहे. मठात येणारे सद्भक्त दोन प्रकारची गाऱ्हाणी सांगतात. कोणी म्हणतो, शेत आहे, दुकान आहे, मुलांच्या शाळा आहेत. लिंगपूजा कशीबशी उरकतो, ध्यानाला बसायला वेळ कुठून आणू? दुसऱ्या घरची गृहिणी सांगते, आमचे यजमान पहाटे दोन दोन तास डोळे मिटून बसतात, पण उठल्यावर घरात कोणाशी धड बोलत नाहीत, दारी आलेल्याला पाणी विचारत नाहीत. एकाचे काम ध्यानाला गिळते, दुसऱ्याचे ध्यान कामाला गिळते. सिद्धरामांना या दोन्हींचे उत्तर सापडले होते, पण ते सुखासुखी सापडले नाही. भर कामात, आपल्याच माणसांसमोर त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

त्यांच्या चरित्राला मुख्य आधार दोन. एक, हंपीचा महाकवी राघवांक याने १३व्या शतकात षट्पदी छंदात रचलेले सिद्धराम चरित्र. दुसरा, १५व्या शतकापासून संकलित होत गेलेली शून्यसंपादने. याखेरीज कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या अंकिताची त्यांची स्वतःची हजाराहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत. काव्यात चमत्कार आहेत. ते घडले की नाही यावर वाद घालण्यापेक्षा ते काय सांगू पाहतात ते आपण पाहू.

१२व्या शतकातली गोष्ट. आजचे सोलापूर तेव्हा सोन्नलिगे या नावाचे लहानसे गाव होते. तिथे मुद्दगौड आणि सुग्गव्वे हे दांपत्य राहत असे. त्यांच्या पोटी थोर शिवयोगी जन्मणार असल्याचे रेवणसिद्धांनी आधीच सांगून ठेवले होते, अशी परंपरा आहे. मूल झाले. पण हे मूल इतर मुलांसारखे नव्हते. ते बोलत नसे, खेळत नसे, कशाचा हट्ट धरत नसे. कोठेतरी टक लावून बसे. शेजारीपाजारी त्याला मंद समजू लागले. आईबापांच्या जिवाला घोर लागला. जरा मोठे झाल्यावर दुसरे काही जमणार नाही म्हणून त्याला गुरे राखायला आणि शेत राखायला पाठवू लागले.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. ज्याला लोक मंद म्हणत होते, तो मुलगा आत कुठे गुंतलेला होता हे कोणाला दिसत नव्हते. आपल्या घरातही एखादे अबोल मूल असते. त्याला नावे ठेवण्याआधी सुग्गव्वेची आठवण करावी.  मुलाने जे मागितले ते तिने दिले.

ते मागणे असे घडले. एके दिवशी शेतात एक जंगम आला. त्याने आपले नाव मल्लय्या सांगितले. मुलाने शेतातले कोवळे धान्य भाजून त्याच्यापुढे ठेवले. जंगमाने ते खाल्ले आणि वर दहीभात मागितला. मुलगा धावत घरी आला आणि ज्याला वाचा नाही असे सर्वांना वाटत होते, त्याने आईकडे दहीभात मागितला. आईने आनंदाने तो बांधून दिला. मुलगा शेतात परतला तो मल्लय्या नाही. मुलाने हाका मारीत सारे रान पालथे घातले. वाटेत श्रीशैलाकडे निघालेले यात्रेकरू भेटले. तुझा मल्लय्या आम्ही दाखवतो, असे म्हणून त्यांनी त्याला सोबत घेतले. श्रीशैलावर त्यांनी मल्लिकार्जुनाचे लिंग दाखवले. मुलाचे समाधान होईना. त्याला दगडाचे लिंग नको होते, दहीभात मागणारा मल्लय्या हवा होता. शेवटी निराश होऊन तो कड्यावरून उडी टाकायला निघाला, तेव्हा शिवाने त्याला हात देऊन वर घेतले आणि आज्ञा केली की परत जा आणि तुझे सोन्नलिगे दुसरे श्रीशैल कर.

या आज्ञेतच सिद्धरामांच्या पुढच्या आयुष्याचे सामर्थ्य आहे आणि पुढच्या संकटाचे बीजही आहे.

ते गावी परतले आणि कामाला लागले. सोलापूरच्या बाजूचा मुलूख पावसाचा भरवसा नसलेला. पाणी साठवले नाही तर माणसे आणि गुरे दोन्ही हवालदिल. सिद्धरामांनी तळे खोदायला घेतले. कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाची स्थापना केली. गावाच्या पंचक्रोशीत त्यांनी ६८ लिंगे स्थापिली, असे सोलापूरची परंपरा सांगते. भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवले, गोरगरिबांची लग्ने लावून दिली. हजारो हात त्यांच्याभोवती गोळा झाले. कोणी कुदळ चालवी, कोणी पाट्या वाही, कोणी दगड घडवी. कामावरच्या माणसांचा आपल्या गुरूवर जीव होता. सिद्धराम स्वतः योगाभ्यासीही होते, समाधी लावून बसत असत. त्या काळच्या लोकांच्या नजरेला त्यांच्यात काहीएक उणे नव्हते.

आता अल्लमप्रभूंकडे वळू, कारण ते येईपर्यंत ही कथा पुढे सरकत नाही. प्रभुदेव बळ्ळिगावीचे, आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातले. मद्दळे हे चर्मवाद्य वाजवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पत्नीच्या मृत्यूने ते वेडेपिसे होऊन रानोमाळ भटकत असता एका राईत जमिनीत गाडलेल्या देवळाचा कळस त्यांना दिसला, अशी कथा हरिहर कवी सांगतो. दार उघडून आत गेले तर एक योगी बसलेला. तळहातावर लिंग, दृष्टी लिंगावर खिळलेली, पापणी लवत नाही. त्याचे नावच अनिमिष, म्हणजे पापणी न लवणारा. ते लिंग अनिमिषांच्या हातून अल्लमांच्या हाती आले आणि अनिमिषांचा प्राण लिंगात लीन झाला. प्रभुदेवांना कोणी ग्रंथ शिकवला नाही, मोठे प्रवचन दिले नाही. एक स्थिर दृष्टी आणि एक शांत झालेला श्वास, एवढेच त्यांनी पाहिले.

असे हे प्रभुदेव फिरत फिरत सोन्नलिगेला आले. तळ्याचे काम जोरात चालू होते. त्यांनी तिथल्या कामकऱ्यांना विचारले की तुमचा तो वड्डराम कुठे आहे. वड्डराम म्हणजे माती उपसणारा, दगड फोडणारा राम. आपल्या गुरूला असे नाव ठेवलेले ऐकताच लोक खवळले. हातात होते तेच दगड त्यांनी प्रभुदेवांवर भिरकावले. शून्यसंपादनात वर्णन आहे की दगडांची रास उभी राहिली, पण एकही दगड त्यांना लागला नाही. गलका ऐकून सिद्धराम समाधीतून उठून आले. शिष्यांची दशा आणि समोरचा निर्विकार जोगी पाहून त्यांचाही संताप अनावर झाला. त्यांनी तिसरा नेत्र उघडला. आग उसळली, लोक सैरावैरा पळू लागले. ती आग प्रभुदेवांच्या पायांशी येऊन शांत झाली.

वाचकहो, या प्रसंगावर आपण नेहमी चमत्कार म्हणून बोलतो आणि पुढे जातो. मला तुमचे लक्ष दुसरीकडे वेधायचे आहे. प्रभुदेवांनी शिवी तरी कोणती दिली होती? सिद्धराम तळे खोदीत होते, माती उपसत होते, दगड फोडवून घेत होते. जे ते करीत होते तेच नाव प्रभुदेवांनी त्यांना दिले. शरणांच्या घरात कष्टाला कमीपणा नाही. तिथे चर्मकार हरळय्या आहेत, नावाडी चौडय्या आहेत, माळी गोग्गय्या आहेत, आणि त्यांचे कायक त्यांच्या नावाला चिकटून राहिले यात त्यांना भूषण वाटत असे. मग वड्डराम म्हटल्याने दगड का उचलले गेले? कारण आपण माती उपसणारे नसून काहीतरी मोठे करणारे आहोत, ही भावना कामाच्या आत शिरून बसली होती. तळ्यात अजून पाणी यायचे होते, अभिमान मात्र काठोकाठ भरला होता. आणि सिद्धरामांची समाधी एका शब्दाने मोडली, यावरून त्या समाधीची खोली किती होती हेही उघड झाले.

इथे तुमच्यातला एखादा मला अडवील. तो म्हणेल, हे बरे नाही. एक माणूस उन्हातान्हात लोकांसाठी पाणी करतो आहे, आणि ज्याने एक पाटी माती उचलली नाही असा जोगी येऊन त्याला टोचून बोलतो. तहानलेल्याला पाणी पाहिजे की निरहंकार? शंका रास्त आहे, ती दडपू नये. ज्याच्या घागरीत पाणी पडते त्याला देणाऱ्याच्या मनात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. त्याचे काम भागते. पण देणाऱ्याचे काय? दहा वर्षे सेवा करून जो एका शब्दाने पेटतो, त्याच्या आगीत प्रथम त्याचीच माणसे होरपळतात. त्या दिवशी सैरावैरा पळाले ते सिद्धरामांचेच कामकरी होते. सेवेतला अभिमान जागा झाला की तो सेवा घेणाऱ्यालाच जाळतो, हे प्रभुदेवांना दाखवायचे होते. तळे बुजवा असे ते म्हणाले नाहीत.

सिद्धराम थोर ठरतात ते याच ठिकाणी. आपली सारी शक्ती ज्याच्यापुढे चालली नाही, त्याच्याशी त्यांनी वैर धरले नाही. शेकडो शिष्यांसमोर त्यांनी प्रभुदेवांपुढे मान तुकवली आणि शिकण्याची तयारी दाखवली. कीर्तिमान माणसाला भर माणसांत पुन्हा विद्यार्थी होणे किती अवघड असते, हे ज्याने एखादी संस्था उभी केली आहे त्याला विचारा. प्रभुदेवांनी त्यांना समजावले की शिवाला बाहेर शोधत श्रीशैलाला गेलास, बाहेरच देवळे उभारलीस, पण ज्याने दहीभात मागितला तो तुझ्या प्राणातच आहे. दोघे मिळून कल्याणला निघाले.

कल्याण, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, तेव्हा कलचुरी बिज्जळाची राजधानी होते. तिथे बसवण्णांच्या महामनेत शरणांचा मेळा भरला होता. ज्याला आपण अनुभव मंटप म्हणतो तो हाच. तिथे सिद्धरामांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या अंगावर इष्टलिंग नव्हते. अंतरात लिंग पाहणाऱ्याला हातातल्या लिंगाची गरज काय, असा विचार त्या चर्चेत पुढे आला. शेवटी चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंग दीक्षा झाली. शून्यसंपादनाची चार संकलने आहेत आणि या दीक्षेबाबत ती सारी एकमताची नाहीत, हे इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्या संकलनकारांनी हा प्रसंग विस्ताराने मांडला, त्यांना काय म्हणायचे होते ते साधकाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

ते असे. ज्याने गावोगाव ६८ लिंगे बसवली, त्याच्या तळहातावर एक लिंग नव्हते. देवळातले लिंग सर्वांचे असते; त्याच्यापुढे आपण यजमान होऊ शकतो, बांधणारा म्हणून आपले नाव शिलेवर कोरले जाऊ शकते. तळहातावरच्या लिंगापुढे कोणी यजमान नाही आणि कोणी प्रेक्षक नाही. तिथे आपण, आपली दृष्टी आणि आपला श्वास एवढेच उरते. आणि केवळ आत पाहतो म्हणणाऱ्याचे मन कुठे भटकते हे त्याचे त्यालाही कळत नाही. हातात लिंग असले की दृष्टी हलली तर लगेच समजते. म्हणून हे लहानसे लिंग मनाला बांधणारे दावे आहे.

आता शिवयोग म्हणजे काय, ते थोडे उलगडून पाहू. योग शब्द काढला की पतंजलींची आठ अंगे आठवतात: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. शरणांना ही परिभाषा परकी नव्हती. अक्कमहादेवींच्या नावावर तर योगांग त्रिविधी नावाची स्वतंत्र रचनाच आहे. पण शरणांनी योगाला शरीर कमावण्याचे किंवा सिद्धी मिळवण्याचे साधन होऊ दिले नाही. गोरक्ष आणि प्रभुदेव यांच्या भेटीची कथा तुम्हाला ठाऊक असेल. गोरक्षांनी हठयोगाने देह वज्रासारखा केला होता. तलवारीचा घाव घातला तर खणखणाट झाला. प्रभुदेवांवर तलवार चालवली तेव्हा ती पोकळीतून फिरावी तशी फिरली. श्वास कोंडून देह बळकट करता येतो, पण त्याने मीपणही बळकट झाला तर काय मिळवले, हा त्या कथेचा प्रश्न आहे. सोन्नलिगेच्या तळ्याकाठी सिद्धरामांना विचारलेला प्रश्नही हाच होता.

षट्स्थलांत भक्त, महेश, प्रसादी यांच्यानंतर चौथे स्थल प्राणलिंगी. पहिल्या तीन स्थलांत भक्ती, निष्ठा आणि अर्पण यांचा अभ्यास होतो. चौथ्यात साधकाला कळते की आपला प्राण आणि लिंग दोन नाहीत. पुढे शरण आणि ऐक्य. म्हणजे श्वासाची जाणीव ही आपल्याकडे आरोग्याची जोडगोष्ट नसून साधनेच्या वाटेवरचा एक ठरलेला टप्पा आहे. आधारचक्री आचारलिंग, स्वाधिष्ठानी गुरुलिंग, मणिपुरी शिवलिंग, अनाहती जंगमलिंग, विशुद्धीत प्रसादलिंग आणि आज्ञाचक्री महालिंग, अशी सहा स्थाने सांगितली आहेत. षडक्षरी मंत्राची सहा अक्षरे याच सहा स्थानांशी जोडली आहेत. यात आरंभ आचारलिंगापासून आहे हे विसरू नये. आचार नसेल तर वरच्या पायऱ्या हवेत बांधल्यासारख्या होतात.

श्वासाचे महत्त्व आजच्या शरीरशास्त्रानेही आपल्या परीने मान्य केले आहे. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. योगग्रंथांनी दिवसरात्रीचे २१,६०० श्वास धरले आहेत. भागाकार करून पाहा, मिनिटाला १५ येतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा यात मोठा वाटा असतो. म्हणून उच्छ्वास सावकाश आणि लांब झाला की शरीर निवत जाते. उलट राग आला की श्वास उथळ आणि भरभर होतो. हृदय, आतडी आपल्या हुकमाने चालत नाहीत. हात-पाय हुकमाशिवाय चालत नाहीत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या लक्षानेही चालतो. शरीर आणि मन यांच्या मधला तो उंबरठा आहे. वड्डराम हा शब्द कानी पडल्यापासून तिसरा नेत्र उघडेपर्यंत किती वेळ गेला असेल? चार-दोन श्वासांचा. शिवयोगी त्या चार श्वासांत जागा असतो, हाच फरक.

पुढची कथा तुम्ही जाणता. इसवी सन ११६७च्या सुमारास कल्याणात उत्पात झाला. वर्णाची भिंत ओलांडून झालेल्या विवाहावरून हरळय्या आणि मधुवरस यांना क्रूर शिक्षा झाली, बिज्जळाचा वध झाला, शरण दशदिशांना पांगले. बसवण्णा कूडलसंगमाला लिंगैक्य झाले, चन्नबसवण्णा उळवीच्या रानात गेले, प्रभुदेवांनी श्रीशैलाचे कदलीवन गाठले. शून्यपीठावर प्रभुदेवांनंतर चन्नबसवण्णा आणि त्यांच्यानंतर सिद्धराम, अशी परंपरा आहे. ज्याच्याजवळ एकेकाळी इष्टलिंग नव्हते, तोच शरणांच्या सर्वोच्च आसनाचा तिसरा अधिकारी झाला. उशिरा शिकायला बसलेल्यांनी हे विसरू नये.

आणि सिद्धराम शेवटी कुठे गेले? ते सोन्नलिगेला परतले. शिवयोग समजला म्हणून त्यांनी गुहा शोधली नाही. त्याच गावात, त्याच तळ्यापाशी आले. तिथेच त्यांनी समाधी घेतली. आज सोलापूरच्या मध्यभागी, भुईकोट किल्ल्याला लागून ते तळे आहे आणि तळ्याच्या पाण्याने वेढलेले सिद्धेश्वरांचे मंदिर आहे. कधी गर्दी नसताना पहाटे तिथे जाऊन बसा. वारा पडला की पाणी आरशासारखे होते आणि शिखराचे प्रतिबिंब पूर्ण उमटते. जरा लाट उठली की ते मोडते. श्वास आणि मन यांचे नाते याहून सोप्या रीतीने समजावून सांगता येणार नाही.

तर बंधुभगिनींनो, यातून आपण काय घ्यायचे? वेळ नाही म्हणणाऱ्याने एवढे करावे. पहाटे स्नानानंतर भस्म धारण करून, पाठ ताठ पण अंग सैल ठेवून बसावे. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन दृष्टीला सोसेल अशा उंचीवर धरावे. डोळे अर्धे उघडे. लिंगाच्या काळ्या कांतीवर उजेडाचा जो बिंदू दिसतो त्यावर दृष्टी ठेवावी. श्वास ओढू नये, कोंडू नये. तो येतो आहे आणि जातो आहे हे नुसते पाहावे. श्वासासोबत षडक्षरी मनात चालू द्यावी. उच्छ्वास हळूहळू आपोआप लांबतो. मन पळाले तर चिडू नये, परत आणावे. डोळ्यांतून पाणी येऊ लागले तर डोळे मिटून तसेच बसावे. आरंभी दहा मिनिटे पुष्कळ झाली. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी श्वास रोखण्याचे प्रकार पुस्तक वाचून करू नयेत. वैद्याला विचारावे आणि जाणत्या गुरूपाशी बसून शिकावे.

दोन दोन तास बसणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट. आसनावरून उठल्यावर पहिला शब्द कोणाशी आणि कसा बोललो, हे स्वतःला रोज विचारावे. ध्यान मुरले की नाही, याची परीक्षा तिथे होते. कोणी आपल्याला आपल्या कामाच्या हलक्या नावाने हाक मारील, श्रमाचे श्रेय दुसऱ्याला देईल, चारचौघांत चूक दाखवील. त्या वेळी श्वास कसा चालला आहे ते पाहावे. तो उथळ झाला असेल तर समजावे की आपल्या हातात अजून दगड आहे. एक लांब उच्छ्वास सोडावा आणि दगड खाली ठेवावा.

सिद्धरामांनी कुदळ टाकली नाही आणि ध्यानही सोडले नाही. फक्त आपण खोदतो आहोत ही भावना त्यांनी त्याच तळ्यात सोडून दिली. येत्या संक्रांतीला नंदीध्वजावर अक्षता टाकताना एवढी आठवण ठेवा, म्हणजे यात्रा पावली.

शरणु शरणार्थी.